आधी होम, मग काम

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून डायरी. कंपनीत सव्वीस वर्षं मी इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिले आणि त्यात 'ओके' व 'नॉट ओके' यापलीकडे मन मोकळं करायला जागा नव्हती. आता मुदतीआधी रिटायरमेंट घेतली आहे. वय चौपन्न, पानं तीनशे पासष्ट, त्यातली अर्धी आधीच उलटून गेलेली.

विषय असा, की मला मशीन घ्यायचं आहे. सीएनसी मिलिंग. कॉम्प्युटरवर चित्र काढून द्यायचं आणि मशीनचा कटर तेच चित्र लाकडात किंवा धातूत कोरून देतो. उर्शाजवळच्या आमच्या कंपनीत अशी चाळीस मशिनं होती. त्यांना हात लावायचा मान ऑपरेटरचा. माझं काम म्हणजे त्याने केलेला पार्ट मोजायचा आणि त्यात खोट काढायची. सव्वीस वर्षं खोट काढली, स्वतःच्या हाताने एक पार्ट केला नाही. हे बायकोला, प्रतीक्षालासुद्धा कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

निमित्त आईने दिलं. तिच्या माहेरी, आंदर मावळात टाकव्याच्या पुढे, नवीन बुद्धविहार बांधून झालाय. दर्शनी भिंतीवर चोवीस आऱ्यांचं सागवानी धम्मचक्र लावायचं ठरलं. बैठकीत कुणी म्हणालं पुण्याहून आणू, तर आमची भामाबाई, म्हणजे आई, उठून म्हणाली, "पुन्याहून कशाला? चक्र माजा अतुल करनार." १४ ऑक्टोबरला लावायचं, हेही तिनेच जाहीर केलं. मला परवा कळवलं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आजवर तिने गावात दिलेला शब्द खाली पडलेला नाही. तो माझ्या हातून पडला तर मी टाकव्याचा रस्ता विसरलेला बरा.

९ ऑगस्ट, शनिवार

मशीन निवडताना भावनेला थारा द्यायचा नाही, असं ठरवून वहीत तक्ता केला. तीन उमेदवार.

पहिलं, भोसरीतलं सेकंडहँड कंपनीवालं मशीन. अडीच टन. बघताक्षणी प्रेमात पडलो. मग घरी येऊन स्कूटरच्या खोलीचं दार मोजलं. मशीन आत जायचं तर दार, दाराची भिंत आणि प्रतीक्षाची तुळस, तिन्ही काढावी लागतील. प्रतीक्षा नर्स आहे, अॅम्प्युटेशनला घाबरत नाही, पण तुळशीला हात लावू देणार नाही म्हणाली. तिच्या खोकल्याच्या काढ्याची तुळस आहे ती.

दुसरं, ऑनलाइन मिळणारं छोटं. एका हाताने उचललं जातं. मकसूदने फोटो बघून विचारलं, "ह्याच्यावर काय करायचं, काकडी कोरायची?" मकसूद माझा शाळेपासूनचा मित्र, वलवणला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेड असं सगळं करतो आणि सगळं सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मिलिमीटरचा माणूस. या एका मुद्द्यावर आमची मैत्री तीनदा तुटली आहे.

तिसरं, मधलं. लोखंडी सांगाडा, नव्वद किलो, फळी बांधायला दोन फुटी बेड. मी "बेड दोन फुटी आहे" असं फोनवर बोलत होतो तर आई म्हणाली, "त्याच्यावर निजनार कोन?"

तिसरंच ठरलं.

१७ ऑगस्ट, रविवार

मशीन आलं! मकसूदच्या टेम्पोतून, तुंगार्लीच्या चढावर एकदा मागे घसरून, पण आलं. खोलीत बसवलं. लेव्हल काढली, चारी पायांखाली पत्रे घातले. आनंदाच्या भरात व्हर्निअरने घरातल्या बऱ्याच वस्तू मोजल्या. आईची भाकरी कडेला ३.२ आणि मध्ये ३.४ मिलिमीटर. मी म्हटलं, आई, तू कंपनीत असतीस तर तुला बक्षीस मिळालं असतं. ती म्हणाली, "खा आदी, गार हुत्या."

२० ऑगस्ट, बुधवार

पाऊस. चौथ्या दिवशी रेलवर गंज. लोणावळ्यात ऑगस्टमध्ये पापडसुद्धा उभा राहत नाही, तिथे लोखंडाची काय कथा. तेल लावलं. आईची जुनी गोधडी पांघरली, मशीनवर.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिलं चक्र. सागाची फळी बांधली, कटर सुरू केला. बारा आऱ्या अशा सुरेख निघाल्या की मी दोनदा खोलीबाहेर जाऊन परत आत आलो, फक्त बघायला.

तेराव्या आरीला लाइट गेली.

वीस मिनिटांनी आली. आता मशीनची गंमत अशी, की लाइट गेली की आपण कुठे होतो हेच ते विसरतं. मी नजरेने अंदाज घेऊन कटर परत जागेवर नेला आणि बटण दाबलं. चक्र पूर्ण झालं. पहिल्या बारा आऱ्यांचं केंद्र एक, दुसऱ्या बारांचं दुसरं.

"दोन सूत सरकलंय," मकसूद म्हणाला.

"६.३५ मिलिमीटर," मी म्हणालो.

"तेच ते. गावात लावलंस तर लोकांना वाटेल चक्कर आली."

आईने ते चक्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. वाईट वाटलं. सव्वीस वर्षांत मी असा पार्ट कुणाच्याही तोंडावर फेकला असता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मशीन विकणाऱ्यांच्या भोसरीच्या ऑफिसात प्रज्ञेश म्हणून एक टेक्निशियन आहे. फोनवरून सल्ला देतो, अतिशय हुशार. त्याने दुखणं ताबडतोब ओळखलं. माझ्या मशीनला होम नाही! स्वस्तातलं मॉडेल, त्यात होमचे स्विच देतच नाहीत. ते तीन स्विच बसवले, की रोज सुरू केल्यावर मशीन (म्हणजे त्याचा कटर) आपलं आपण बेडच्या कोपऱ्यात जातं, स्विचला टेकतं आणि "मी इथे आहे" हे समजून तिथून मोजायला लागतं. याला मशीन होम करणं म्हणतात. लाइट गेली तरी परत होम केला की गाडी रुळावर.

जुन्या सवयीने माझी बाजू टिपून ठेवतो. मी म्हणालो: "म्हणजे होम करायलाच पाहिजे?… रोज?… बरं, सकाळी आधी होम, मग काम… तीन दिशांना तीन… नाही हो, आजवर आमच्या घरात होम नव्हताच, म्हणून तर चक्र बिघडलं!"

आई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. "कोन हाय रं फोनवर?"

"भोसरीचे एक जाणकार आहेत. ते सांगतील तसं केलं तरच आपलं चक्र नीट होईल."

"आन काय घेतो त्यो?"

"पहिलं वर्ष फुकट."

"तसंच आस्तंय. मागनं सुटत न्हाई," ती म्हणाली आणि लसूण तिथेच टाकून आत गेली.

सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचा तिला इतका अनुभव कुठून, कळेना.

३० ऑगस्ट, शनिवार

स्विच आले, बसवले. वायरी तपासताना मीटरवर रोधाचा आकडा स्थिर होईना, म्हणून प्रत्येक जोडणीला मोठ्याने वाचत होतो, "ओहम… ओहम… शून्य ओहम." मागे वळून बघतो तर दारात आई. कधीपासून उभी होती कोण जाणे.

संध्याकाळी पहिला होम केला. मशीन डौलात कोपऱ्यात गेलं, टक् करून टेकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच फळी लावली, पण कटर बोथट निघाला आणि साग जळायला लागला. खोलीभर धूर. खिडकी उघडली तर धूर स्वयंपाकघरात.

आई नाकाला पदर लावून आली. "आता धूर बी निगाला?"

"होम झालाय आई! आता सगळं सुरळीत होईल बघ."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाचवीत नापास झालो होतो तेव्हाही पाहिलं नव्हतं. तिला धुराचा त्रास होतो. एक्झॉस्ट पंखा बसवायला हवा.

२ सप्टेंबर, मंगळवार

हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर आईने काढून स्वतःच्या खोलीत नेली. मशीनच्या हादऱ्याने पडेल अशी तिला भीती वाटली असणार. हे मला सुचायला हवं होतं. मशीनखाली रबर घातलं.

जेवताना अचानक म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा म्हनून दाकव."

मी चाट पडलो. अकरापर्यंत धडाधड गेलो. बारावीला अडखळलो, सोळावीला मागेपुढे झालं. ती म्हणाली, "वाटलंच मला."

माझी स्मरणशक्ती तपासत होती. या वयात मुलाची इतकी काळजी! उद्यापासून बदाम खावेत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आई गेली. म्हणजे माहेरी गेली. मी मकसूदकडे नवीन कटर आणायला गेलो होतो. परत येतो तर तिची खोली झाडून लख्ख, पिशवी नाही, तसबीर नाही. शेजारच्या रुपालीताईंकडे निरोप होता: "मी भिकाकडं चालले. हितं मला ऱ्हाता यायचं न्हाई." एकटीच लोकलने कान्ह्याला उतरली आणि तिथून जीपने पुढे.

भिकाजीमामांचा फोन आला, पोचली. माझ्याशी बोलायला तयार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

कारणं शोधतोय. आधी वाटलं गोधडी. तिची गोधडी मी मशीनवर घातली, ते लागलं असेल. नवीन गोधडी घेऊन मामांच्या मुलाबरोबर पाठवली. परत आली. मग वाटलं आवाज. खोलीच्या भिंतींना आतून फोम लावला आणि त्याचा फोटो मामांना पाठवला. त्यांनी उलट कळवलं, "ती म्हनत्या आवाज दाबून पाप दबत न्हाई." पाप हा शब्द आवाजाच्या मानाने फार जड आहे.

प्रतीक्षा ड्युटीवरून आली. तिने विचारलं, "अहो, तुम्ही आईंशी काय बोललात?"

"काहीच नाही."

"मग तेच कारण असेल," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

भाकरी मी केली. मोजली नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

दुसरं चक्र झालं. रोज होम करून, चोवीसच्या चोवीस आऱ्या एका केंद्रात, कुठेही केसभर फरक नाही. ओके. आयुष्यातला माझा पहिला ओके पार्ट.

दाखवायला घरात कोणी नाही. तासभर ते मांडीवर घेऊन बसलो. मग मामांना फोन केला की चक्र तयार आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मामांचा फोन. भिकाजीमामा आईपेक्षा दोन वर्षांनी धाकटे, विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. आवाज गंभीर.

"अतुल, तुजं चक्र आमाला नगं."

मी विचारलं, "का मामा?"

"ताई म्हनत्या, ज्या घरात होम हुतो तितलं चक्र विहाराला लावायचं न्हाई. कमिटीनं बी तेच ठरवलंय."

"पण मामा, होम आहे म्हणूनच ते नीट झालं! होमशिवायचं वाकडं झालं होतं."

मामा खाकरले. मग म्हणाले, "तू होम बंद कर. मंग ताई येईल."

"बंद केला तर मशीन आंधळं होईल हो."

"आंदळं तर आंदळं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार केला. आईचा विरोध मशीनला नाही, आवाजाला नाही, होमला आहे! ती अशिक्षित बाई, पण तिचं म्हणणं तंत्राच्या दृष्टीने पूर्ण चुकीचंही नाही. जुने कारागीर स्विचशिवाय, नजरेने आणि हाताने जागा धरतात. मशीनवर विसंबू नये, हात तयार करावा, असं तिला म्हणायचं असेल. आपल्या आईचा असा विचार असेल हे मला चौपन्न वर्षांत कळलं नाही. पण कमिटीचंही तेच मत? आंदर मावळात मशीन टूल्सचा इतका अभ्यास आहे?

वाद फोनवर मिटणार नाही. मशीनच तिथे नेऊन होम करून दाखवतो. रविवारी.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी मकसूदच्या टेम्पोत मशीन, लॅपटॉप आणि चक्र घातलं. कामशेतपर्यंत ठीक. कान्हे फाट्यावरून आत वळलो आणि टाकव्याच्या पुढे रस्त्याने मशीनचे सगळे नटबोल्ट तपासून घेतले. मी मागे बसून ते धरून होतो. मकसूद पुढून ओरडत होता, "आहे का रे अजून?"

विहारासमोर अख्खी कमिटी सतरंजीवर बसलेली. पांढरे शर्ट. आई पायरीवर. मी जय भीम घातला, सगळ्यांनी घेतला, आईनेही घेतला, पण भिंतीकडे बघून.

मी उभा राहून म्हणालो, "तुमचा होमला विरोध आहे, हे मला मान्य आहे. पण आधी बघा आणि मग ठरवा. मी इथेच, तुमच्यासमोर होम करतो."

सतरंजीवर एकदम गलका झाला. "विहाराच्या दारात?" कमिटीतले हनुमंतआबा काठी टेकत उभेच राहिले. आईने डोक्याला हात लावला. मामा टेम्पोपाशी गेले, आत वाकून बघितलं, गोधडी उचलली.

"कुंड कुटाय?"

"कसलं कुंड?"

"होमाचं. आन तूप, समिधा? त्यो भोसरीचा जानकार कुटाय?"

मी म्हटलं, "तो फोनवर असतो."

तेव्हा मकसूद मटकन खाली बसला. आधी मला वाटलं त्याला चक्कर आली. त्याचे खांदे हलत होते. तो मला शिव्या देत, डोळे पुसत, हसत म्हणाला, "अरे गाढवा! हे पूजेचा होम समजतायत! आगीचा!"

मला सगळं एकदम आठवलं. फोन. लसूण. ओहम. धूर. बावीस प्रतिज्ञा. मी या बाईचा मुलगा, जिने छप्पन साली बापाजवळ बसून दीक्षेच्या गोष्टी ऐकल्या, घरातले देव टोपलीत भरून नदीला जाताना पाहिले, आणि मी तिच्या तोंडावर सांगत होतो की घरात होम नव्हता म्हणून चक्र बिघडलं. मला इतकी लाज वाटली की मी बराच वेळ बेडच्या खाली काहीतरी शोधत राहिलो.

"मंग ह्यो होम कंचा?" आईने विचारलं. नऊ दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"इंग्रजी होम, आई. होम म्हणजे घर. मशीन घरी जातं."

"घरी?"

"दाखवतो."

चौघांनी मशीन खाली उतरवलं, विहारातून वायर ओढून लाइट घेतली. बटण दाबलं. मशीन कोपऱ्याकडे निघालं, पोचलं, आणि थांबेचना. खर्रर्र खर्रर्र करून सांगाड्याला धडका द्यायला लागलं. रस्त्यात एका स्विचची खिट्टी मोडली होती. मी झटकन बंद केलं.

"घर घावंना जनू," मामा म्हणाले.

कमिटी हसली. आई हसली नाही. ती उठून जवळ आली. मी स्विच काढून तिच्या हातात दिला, वायरीसकट. "आई, हे बारीक बटण आहे. मशीन तुझ्याकडे येईल. आलं की दाब."

ती मशीनच्या शेजारी उकिडवी बसली, दोन बोटांत स्विच धरून. मी सुरू केलं. मशीन यायला लागलं आणि तिने अर्ध्या वाटेतच जोरात दाबलं. मशीन थांबलं, जरा मागे झालं आणि लाल दिवा लागला.

"सोड आई. दाबून धरायचं नाही."

"आत्ताच तर दाब म्हनलास."

"दाबायचं, सोडायचं, आणि मग ते परत हळू येतं तेव्हा हळूच दाबायचं. धरून ठेवलंस तर त्याला कळत नाही."

"लय नखरं हायती," ती म्हणाली. पण दुसऱ्यांदा बरोबर केलं. दाबलं, सोडलं, मशीन मागे झालं, मग अगदी हळू तिच्याकडे आलं, आणि तिने बोट टेकवलं. टक्. स्क्रीनवर सगळे शून्य.

"ग्येलं घरी?"

"गेलं."

"पन कोपरा तर त्यो तिकडं ऱ्हायला. हे मदीच हुबं हाय."

"कोपऱ्याचं काही नसतं आई. तू जिथे दाबलंस तेच त्याचं घर."

ती मशीनकडे बघत बसली. मग माझ्याकडे. हनुमंतआबांनी चक्र उन्हात धरून एक डोळा मिटून चोवीस आऱ्या मोजल्या, मग दुसरा डोळा मिटून परत मोजल्या आणि म्हणाले, "बराबर हाय." त्यांनी ओके दिला.

आई मामांना म्हणाली, "भिका, माजी पिशवी आन."

येताना ती पुढे बसली, मकसूद आणि माझ्या मध्ये. टाकवं आलं. मग म्हणाली, "अतुल, ऐक. रोज सकाळी तुज्या त्या मशीनचा होम मीच करनार. तुला धड जमत न्हाई."